याचिकाकर्त्याचं म्हणणं

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

आज घरातून निघतानाच ठरवलं होतं, नवी केस घ्यायची नाही. गुडघ्याला पट्टा बांधून खंडपीठाचे जिने चढणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या बाईने आणखी किती दिवस परदेशी लोकांची वकिली करायची? शहरात अपघात आहेत, जमिनी आहेत, घटस्फोट तर विचारू नका. आणि मी तीस वर्षं व्हिसावाल्यांच्या मागे. कुणी सुदानचा विद्यार्थी, कुणी अफगाण बाई, कुणी केनियाचा मुलगा. बार रूममध्ये मला ‘फॉरेन रिटर्न’ म्हणतात. माझ्याकडे साधा पासपोर्टसुद्धा नाही.

आणि दुपारी याह्या आला. याह्या अल-हम्मादी, येमेनचा, तैझ शहरातला. चाळिशीचा, बारीक, दाढी नीट कातरलेली. नऊ वर्षं इथं आहे, पीएचडीसाठी. विद्यापीठाचं नाव इथं लिहीत नाही, डायरी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. प्रबंध गेल्या वर्षीच दिलाय, पण बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल आलेला नाही, म्हणून व्हायव्हा नाही. प्रबंध दिला म्हणजे शिक्षण संपलं, म्हणून विद्यापीठ ‘विद्यार्थी आहे’ असं पत्र देत नाही. पत्र नाही म्हणून व्हिसा वाढत नाही. आणि आता देश सोडण्याची नोटीस. बायको बिल्किस आणि सहावीतली मुलगी अरवा इथंच असतात, रोशन गेटकडे भाड्याच्या दोन खोल्यांत.

“मॅडम, मला इथं कायम राहायचं नाही,” तो म्हणाला. मराठी चांगली बोलतो, जपून, जमीन चाचपत पाऊल टाकावं तशी. “तिकडे कॉलेजात माझी जागा ठेवली आहे. पदवी घेऊन गेलो तर लेक्चरर. पदवी नाही तर काही नाही. मला फक्त व्हायव्हापर्यंत राहू द्या. मग मी स्वतःच जातो.”

तो बोलत होता आणि माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. परदेशी नागरिकांचा नवा कायदा याच महिन्यात लागू झालाय. नोटिशीत कारण नाही, सुनावणी नाही. इतकं स्वच्छ प्रकरण तीस वर्षांत माझ्याकडे आलं नव्हतं. गुडघा दुखायचा थांबला म्हटलं तरी चालेल.

वकीलपत्रावर सही घेतली.


बुधवार, २४ सप्टेंबर

याह्याला घेऊन पोलिसांच्या परदेशी नागरिक कक्षात गेले. तिथले निरीक्षक नानासाहेब गायके निवृत्तीला आलेले, सोयगावकडचे. मला पाहून उठून उभे राहिले, चहा मागवला. अशा वेळी मी सावध होते. चहा मागवणारा पोलीस काहीतरी मागणार, हा माझा अनुभव.

“मॅडम, मानूस चांगलाय. लई वर्षं बघतोय मी ह्याला,” गायके म्हणाले. “एक हमीपत्र द्या. व्हायव्हा झाली की मार्चअखेर निघून जातो म्हणून. चार ओळी. मी वर शिफारस टाकतो. व्हऊन जाईल.”

“कोणत्या कलमाखाली?” मी विचारलं.

“कलमाचं ऱ्हाऊ द्या ना मॅडम. मानसाचं काम व्हतंय का नाय ते बघा.”

ही खास पोलिसी मखलाशी. हमीपत्र द्यायचं म्हणजे नोटीस योग्य होती असं कबूल करायचं. आज याह्याने दिलं की उद्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याच्या गळ्यात तेच मारणार. मी चहा तसाच ठेवला आणि उठले.

रिक्षात याह्या म्हणाला, “मॅडम, चार ओळी मी लिहू शकतो. मराठीत पण.” मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक. माझ्या वडिलांचंही सांगितलं. सांडू मगरे, देवगाव रंगारीचे, जिनिंग कारखान्यात हमाल आणि युनियनचे सेक्रेटरी. संप मोडला तेव्हा सगळ्यांनी माफीनामे लिहून दिले, एकट्या बापाने दिला नाही. नोकरी गेली, पण मान ताठ राहिली. पुढची सहा-सात वर्षं आई लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची. तिने कधी तक्रार केली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

रोशन गेट येईपर्यंत मी बोलत होते. तो मान डोलवत होता. पटलं त्याला.


बुधवार, १ ऑक्टोबर

याचिकेचा मसुदा पूर्ण. फार दिवसांनी लिहिताना मजा आली. समानता, प्रतिष्ठा, बाजू मांडण्याची संधी, सगळं एका धाग्यात. माझी ज्युनिअर श्रेया टाइप करता करता मध्येच थांबली. पोरगी हुशार आहे, पण तिला सगळं एकाच वेळी हवं असतं.

“मॅडम, विद्यापीठाला पण प्रतिवादी करायचं का? लवकर व्हायव्हा घ्या अशी एक मागणी टाकली असती.”

मी नाही म्हटलं. इतका मोठा घटनात्मक प्रश्न मांडायचा आणि शेवटी ‘व्हायव्हा घ्या’? मुद्दा पातळ होतो. न्यायाधीश तेवढाच तुकडा उचलतात आणि बाकीचं खुंटीवर टांगतात, हे मी शंभरदा पाहिलंय.

घरी आले तेव्हा नवरा, राजेंद्र, रात्रीच्या भाकरी करत होता. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याचंच आहे. त्याने विचारलं, “प्रबंधाचा विषय काय त्या माणसाचा?” मला सांगता येईना. याचिकेत ‘संशोधक’ असं लिहिलंय, तेवढं कोर्टाला पुरे.


बुधवार, ८ ऑक्टोबर

स्थगिती मिळाली!

सरकारी वकील उठायच्या आत न्यायमूर्तींनी मला दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. “मुद्दा महत्त्वाचा आहे, सविस्तर ऐकावा लागेल,” असं म्हणाले. पुढच्या तारखेपर्यंत नोटिशीची अंमलबजावणी नाही. बाहेर आल्यावर दोन-तीन तरुण वकिलांनी हात मिळवला. चार वर्षांत माझ्याशी कुणी हात मिळवला नव्हता.

याह्याला मिठी मारावीशी वाटली, पण तो हातभर लांबच उभा होता. “म्हणजे आता व्हायव्हा होईल?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “अरे बाबा, आता तुला कुणी हात लावू शकत नाही!” तो हसला. घाबरलेला माणूस एकदम मोकळा होत नाही, त्याला वेळ लागतो.

संध्याकाळी कचरू आला. रिक्षा युनियनचा कचरू, चळवळीतला जुना सोबती. दारातूनच ओरडला, “ताई, जय भीम, लाल सलाम, समदं एकदमच घ्या! लई भारी काम झालं!” पेढे आणले होते. याह्यालाही बोलावून घेतलं, चहा झाला, कचरूने मोबाइलवर आमचे फोटो काढले. आपली माणसं एवढ्या आनंदात कधी दिसलीत, आठवत नाही. सगळे म्हातारे झालोत.


शनिवार, ११ ऑक्टोबर

कचरूने फ्लेक्स लावला! टीव्ही सेंटरच्या चौकात, चांगला दोन मजली उंच. वर ‘अन्यायाविरुद्धचा लढा जिंकला!’ खाली ‘येमेनी संशोधक याह्या यांना देशाबाहेर काढण्याचा डाव हाणून पाडणाऱ्या ॲड. करुणाताई मगरे यांचे हार्दिक अभिनंदन’. मध्ये माझा फोटो, काळ्या कोटातला, वीस वर्षांपूर्वीचा. बाजूला गोलात याह्या, चहाचा कप हातात. आणि तळाला शुभेच्छुकांची तीन रांगा मुंडकी, त्यात कचरूचा गॉगल घातलेला भाचासुद्धा.

मी कचरूला फोन करून झापलं. हे काय, मी काय नगरसेवकपदाला उभी आहे का? तो म्हणाला, “ताई, आजपोस्तोर तुमचा एक बी बोर्ड लागला नाय. लोकायला कळू द्या की आपली मानसं बी जिंकत्यात.” राजेंद्रला गाडी चौकातून घ्यायला सांगितली. त्याने गाडी हळू केली. मी फोटो काढून बहिणीला पाठवला. तिला पाठवायलाच हवा होता.

एका मराठी पेपरात बातमीही आली, फ्लेक्सच्या फोटोसकट.


सोमवार, १३ ऑक्टोबर

याह्या सकाळीच आला, खजूर घेऊन. डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “मॅडम, तो बोर्ड काढता येईल?”

अरवाच्या शाळेची रिक्षा त्या चौकातून जाते. मुलींनी विचारलं, तुझ्या अब्बूंनी काय केलं, पोलीस का काढत होते तुम्हाला? बाजारातला भाजीवाला बिल्किसला रोज ‘भाभी’ म्हणायचा, तो आता बघतो आणि दुसरीकडे वळतो. “नऊ वर्षं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं,” तो म्हणाला. “ते फार बरं होतं.”

मला थोडं वाईट वाटलं. पण लपून जगण्याची ही सवयच तर मोडायची आहे. मी त्याला म्हटलं, तुम्ही चोरी केलेली नाही, मान वर करून चालायला शिका. कचरूला सांगते म्हणाले. सांगितलंही, पण तो इतका हिरमुसला, की दिवाळीपर्यंत राहू दे म्हटलं. दिवाळीत तसाही त्या जागी कुणाचा तरी वाढदिवस येईलच.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट गेला.

याह्याच्या परीक्षकाचा अहवाल आलेला होता. कधी? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे मी कोर्टात उभी होते तेव्हा तो विद्यापीठात पोचलेला होता. अहवाल उत्तम. गाईडने व्हायव्हाची तारीखसुद्धा काढली होती, १४ नोव्हेंबर. मग तिथल्या कुणीतरी पेपरातली बातमी कापून फाइलला लावली. फाइल विधी विभागाकडे गेली. विधी विभागाने शेरा मारला: प्रकरण उच्च न्यायालयात न्यायप्रविष्ट असल्याने अंतिम निर्णय होईपर्यंत मौखिक परीक्षा घेऊ नये.

मी कुलसचिवांना फोनवर सांगितलं की याचिका नोटिशीबद्दल आहे, व्हायव्हाशी तिचा काडीचा संबंध नाही. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, “मॅडम, संबंध नाही असं कोर्टाकडून लिहून आणा, उद्या घेतो.”

“कोर्ट त्यांना कसं सांगणार?” फोन ठेवल्यावर श्रेया हळूच म्हणाली. “आपण विद्यापीठाला पार्टीच केलेलं नाही.” मी तिच्यावर ओरडले. मग विद्यापीठाला प्रतिवादी करण्यासाठी दुरुस्ती अर्ज करायला सांगितला. ती लगेच टाइप करू लागली, तेही मला आवडलं नाही.

आडमुठेपणा विद्यापीठाचा आहे. घाबरट माणसं खुर्चीवर बसली की असंच होतं. पण याह्याला फोन करायला मला संध्याकाळ झाली.


शनिवार, ६ डिसेंबर

भडकल गेटला अभिवादनासाठी गेले. गर्दी खूप. निळ्या टोप्या, मेणबत्त्या, पुस्तकांचे स्टॉल. दरवर्षी इथं येऊन मला बळ मिळतं, यंदा नुसते पाय दुखले. कचरूने छोट्या सभेत याह्याच्या लढ्यावर भाषण केलं, टाळ्या मिळाल्या. याह्याला बोलावलं होतं. तो आला नाही.


गुरुवार, ११ डिसेंबर

कोर्टाच्या आजच्या यादीत आमचा नंबर खाली होता, पोचलाच नाही. शिवाय दुरुस्ती अर्जावर सरकारी वकिलांना म्हणणं मांडायला वेळ हवाय. पुढची तारीख जानेवारीत, नाताळच्या सुट्टीनंतर. याह्या दिवसभर मागच्या बाकावर बसून होता. संपल्यावर मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही जेवल्या नाहीत.”

घरी आणलं त्याला. राजेंद्र आणि तो तासभर बोलत बसले. डोंगरउतारावर दगडी बांध घालून पाणी कसं जिरवतात, हा त्याचा विषय निघाला. त्याच्या तिकडच्या आणि आपल्या कन्नड, खुलताबादच्या डोंगरांची तुलना. त्यासाठी म्हणे तो तीन वर्षं गावोगाव पायी हिंडला, मराठी तिथंच शिकला. राजेंद्रचे डोळे चमकत होते. मी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपून गेले.


शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

दुपारी बिल्किस एकटीच ऑफिसात आली. ती कधी येत नाही. उंच बाई, काळा बुरखा, आवाज शांत. इथं आल्यावर आमच्या गल्लीबोळातली दखनी शिकली आहे. मी याह्याची चौकशी केली. तर म्हणाली, ते आता बोलत नाहीत. तैझच्या कॉलेजातून फोन आला होता. जून सुरू व्हायच्या आत पदवी दाखवा, नाही तर जागा दुसऱ्याला देतो.

मी तिला सांगायला लागले की मार्चपर्यंत अंतिम सुनावणी लागू शकते, न्यायमूर्तींना विषयात रस आहे, निकाल आपल्या बाजूने लागला तर देशभर त्याचा दाखला दिला जाईल. तिने सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

“मॅडम, हमकू केस नै होना था. काम होना था,” ती म्हणाली. “आपने केस लडी, भोत अच्छी लडी. काम किधर है?”

रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. लोकांचे राग मी आयुष्यभर पचवलेत. ती नुसती विचारत होती, हरवलेली वस्तू घरात कुठं ठेवली असं विचारावं तसं. मी म्हटलं, बघते. ती गेल्यावर श्रेया खुर्च्या सारख्या करत राहिली. मी तिला लवकर घरी जायला सांगितलं.


सोमवार, १२ जानेवारी

नानासाहेब गायक्यांकडे गेले. स्वतःहून. पायऱ्या चढताना लाज वाटत होती हे इथं लिहून ठेवते.

त्यांनी आजही चहा मागवला. मी प्यायले. मग म्हटलं, ते हमीपत्राचं आता जमेल का?

“मॅडम, तवा फाइल माझ्या टेबलावर व्हती,” ते म्हणाले. “आता हायकोर्टात गेली. वरून रोज विचारनं व्हतंय. आता मी सही करायला गेलो तर माझीच चौकशी लागंल. मला ऱ्हायले चार महिने.” मग म्हणाले, “तुम्ही केस मागं घ्या. कोर्टातच लिहून द्या, इतक्या दिवसांत जातो म्हणून. केस संपली म्हंजी विद्यापीठाला बी घाबरायचं कारन नाय. तेवढा एकच रस्ता दिसतोय मला.”

जाताना ते जिन्यापर्यंत सोडायला आले. गुडघ्याला कुठलंसं तेलही सांगितलं.


मंगळवार, २७ जानेवारी

रविवारी याह्या आणि बिल्किस दोघं घरी आले. राजेंद्रही बसला. मी दोन्ही बाजू मांडल्या, खरंच मांडल्या. केस चालू ठेवली तर इथं राहता येईल, कदाचित वर्ष-दोन वर्ष, पण दुरुस्ती अर्ज अजून पडूनच आहे, म्हणजे व्हायव्हा लटकलेली. मागे घेतली तर जावं लागेल, पण आधी व्हायव्हा होण्याची आशा.

“मागे घ्या,” याह्या म्हणाला. अर्धा सेकंदही लागला नाही त्याला.

मला झोप येत नाहीये. त्या मुद्द्यावर असं प्रकरण परत कधी येणार? दुसऱ्या कुणी हे मांडलेलंही नाही अजून. राजेंद्र म्हणाला, “तो माणूस पहिल्या दिवसापासून एकच वाक्य बोलतोय.” मी म्हटलं, मला माहीत आहे ते काय बोलतोय, वकीलपत्र माझ्याकडे आहे. त्याने दिवा मालवला.


मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज याचिका मागे घेतली.

मी उभी राहिले आणि म्हटलं, मागे घेण्याची परवानगी असावी. न्यायमूर्तींनी चष्मा काढला. “मॅडम, आम्ही तुमची याचिका पूर्ण वाचली आहे. हा मुद्दा ऐकायची आमची इच्छा होती. नक्की मागे घ्यायची आहे?”

हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं त्या कोर्टात उभी राहिले आहे. एक क्षण, खोटं कशाला लिहू, चांगला मोठा क्षण, मला वाटलं म्हणावं की अशिलाशी पुन्हा बोलून घेते, एक तारीख द्यावी. मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर याह्या दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, शाळेतल्या पोरासारखा.

“अशिलाच्या तशा सूचना आहेत,” मी म्हटलं.

मी व्हायव्हापर्यंत वेळ मागितला. सरकारी वकिलांनी कडाडून हरकत घेतली, व्हायव्हाची तारीख कुठं आहे, असं अमर्याद कसं राहू देणार? तारीख माझ्याकडे नव्हती. चार आठवडे मिळाले. याह्याने तिथंच हमीपत्रावर सही केली, चार ओळींचं. गायके मागत होते तेच, फक्त यात व्हायव्हाचा उल्लेख नाही आणि मार्चअखेरही नाही.

आदेशाची प्रत घेऊन श्रेया तडक विद्यापीठात गेली. त्यांनी ठेवून घेतली. लवकरात लवकर कार्यवाही करतो म्हणाले.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

विद्यापीठाची मेल आली. मौखिक परीक्षा १८ मार्चला. बाहेरचे परीक्षक त्याआधी मोकळे नाहीत, आणि जाहीर सूचनेची मुदतही पाळावी लागते. याह्याला ३ तारखेच्या आत देश सोडायचाय. मी ऑनलाइनचं विचारलं. नियमात नाही, प्रत्यक्ष हजर राहणं आवश्यक.

पंधरा दिवस. नऊ वर्षांत पंधरा दिवस कमी पडले.

मी धडपडत गायक्यांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, हायकोर्टात लिहून दिलंय तुम्ही. ते मी कसं मोडू?” त्यांचं बरोबर आहे. मग याह्याला बोलावलं. उद्याच मुदतवाढीचा अर्ज टाकते, तातडीचा म्हणून कोर्टापुढे मेन्शन करते, आता तर हातात तारीख आहे, ह्यावर कोर्ट नाही म्हणूच शकत नाही. मी टेबलावर हात आपटून बोलत होते. श्रेयाने लॅपटॉप उघडलासुद्धा.

रोजे सुरू आहेत, त्याचे ओठ सुकलेले होते. त्याने श्रेयाच्या लॅपटॉपचं झाकण हळूच मिटवलं.

“नको मॅडम. तुम्ही कोर्टात गेलात की विद्यापीठ तारीख काढून घेतं,” तो म्हणाला. “आणि ह्या वेळी मुदत नाही मिळाली तर आम्हाला पकडतील, अरवाच्या समोर. तिकिटं काढलीत. कैरोवरून.”

“मिळेल रे मुदत! नव्याण्णव टक्के मिळेल!”

“हो,” तो म्हणाला. “तुम्ही जिंकाल.”

श्रेयाने लॅपटॉप बॅगेत भरला.


रविवार, १ मार्च

रेल्वे स्टेशनवर गेलो, राजेंद्र आणि मी. ते इथून मुंबई, तिथून विमान. राजेंद्रने रोजा सोडायला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. अरवा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी विचारलं, तिकडे जायचंय ना, आजी भेटेल. ती म्हणाली, “मॅडम, मला तिकडचं कायबी आठवत नाय. मी दीड वर्षाची होते.” इथल्या कुठल्याही पोरीसारखं बोलते. तिला जवळ घेतलं. बिल्किसने मलाही जवळ घेतलं, आणि मला रडू आलं. तिला नाही आलं.

याह्याने प्रबंधाची एक प्रत राजेंद्रला दिली. “काका, तुम्ही वाचा. कुणीतरी वाचलं पाहिजे.” गाईड आणि परीक्षक सोडले तर इथं त्याला तो विषय विचारणारा राजेंद्र एकटाच.

तिथं काय करणार, मी विचारलं. मामाचं दुकान आहे म्हणाला, पाण्याच्या पंपांचं. शाळेत मिळालं तर शाळेत. कॉलेजाचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीतून हात जोडले, आणि मला मोठ्याने म्हणाला, “मॅडम, गुडघ्याची काळजी घ्या.” त्याला माझा राग असता तर मला सोसलं असतं. मी त्याचं वाटोळं केलं, आणि तो माझ्या गुडघ्याचं बोलतो.

घरी येऊन पडून राहिले. राजेंद्र खुर्चीत बसून प्रबंध वाचतोय, मधूनच पेन्सिलने खुणा करतोय. मला फार वाईट वाटतंय. इतकं वाईट आई गेली तेव्हा वाटलं होतं.

संध्याकाळी कचरूचा फोन आला. त्यालाही वाईट वाटलं, दोन वेळा नाक शिंकरलं. मग म्हणाला, “ताई, पन हे असं सोडायचं नाय. आपली एक समिती काढू, तिच्या नावानं जनहित याचिका टाकू. आता तर अन्याय अजून मोठा झालाय. याह्याभाऊचं उदाहरन देऊ.” मी थकले आहे म्हटलं, उद्या बोलू. फोन ठेवला. मग श्रेयाला मेसेज केला की सकाळी जुना मसुदा काढून ठेव.

मुद्दा खरंच चांगला आहे. न्यायमूर्ती स्वतः म्हणाले होते.